सासरेबुवांना कोण घाबरतं

सासरेबुवांना सून नव्हती, जावई नव्हता, मूलबाळही नव्हतं. तरी अख्खं शहर त्यांना सासरेबुवा म्हणायचं. टीव्हीवरच्या एका मालिकेत त्यांनी वर्षानुवर्षं सासऱ्याचं काम केलं होतं, आणि तो सासरा असा काही गोड होता की बघणाऱ्याला मधुमेह व्हावा. घरात कितीही आकाश कोसळलेलं असो, सून डोळे पुसत आली की हा सासरा चष्मा काढायचा, खुर्ची पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, "आधी बस. पाणी पी. मग सांग." मालिका लिहिणाऱ्यांना दुसरं काही सुचलं नाही की ते हे वाक्य टाकत, आणि त्यांना दुसरं काही सहसा सुचत नसे.

परिणाम असा झाला की सासरेबुवांना रस्त्यानं धड चालता येईना. बँकेत गेले की काउंटरवरची मुलगी स्वतःच्या सासऱ्याची गाऱ्हाणी सुरू करायची. केस कापायला बसले की न्हावी वस्तरा हवेत धरून घरातली भांडणं काढायचा. एका बाईनं तर भर चौकात त्यांना थांबवलं, नवऱ्याला फोन लावला आणि फोन त्यांच्या कानाला चिकटवून म्हणाली, "यांना जरा समजवा हो." सासरेबुवांनी समजावलं. करतात काय! पण आतून ते धुमसत होते. तरुणपणी रंगभूमीवर आले तेव्हा त्यांनी राजांचे खून करायची, विष कालवायची, जिन्यावरून गडगडाटी हसत उतरायची स्वप्नं पाहिली होती. वाट्याला आलं ते लोकांना पाणी पाजणं.

म्हणून वयाच्या एकसष्टाव्या वर्षी एका नवख्या दिग्दर्शिकेनं "व्हॅम्पायरचं काम कराल का?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी गोष्ट काय आहे हेसुद्धा ऐकून घेतलं नाही. "करतो" म्हणाले. मग थोड्या वेळानं, "व्हॅम्पायर म्हणजे तो रक्त पिणाराच ना?" एवढी खात्री मात्र करून घेतली.

काम त्यांनी जीव ओतून केलं. दातांच्या डॉक्टरकडे जाऊन माप दिलं आणि सुळे बनवून घेतले. ते तोंडात घालून न्हाणीघराच्या आरशासमोर रोज तासभर उभे राहू लागले. एकदा बायको टॉवेल ठेवायला आली आणि दारातून म्हणाली, "छान दिसताय."

"अगं, छान नाही दिसायचं मला! भीती वाटली पाहिजे."

"हो, वाटली की," असं म्हणून ती दूध उतू जाईल म्हणून स्वयंपाकघरात पळाली.

सासरेबुवांनी कपाळावर हात मारला. ही बाई म्हणजे त्यांच्या लेखी जगातली सगळ्यात निरुपयोगी प्रेक्षक होती. कुठलंही काम दाखवा, हिचा अभिप्राय ठरलेला, छान झालंय. ज्या नाटकाला तिसऱ्या प्रयोगातच प्रेक्षकांनी घरचा रस्ता धरला होता, तेही हिच्या मते छानच झालं होतं. आणि घाबरण्याचं म्हणाल, तर घरात आपल्याला कोणी घाबरत नाही असं सासरेबुवांचं प्रामाणिक मत होतं. अख्ख्या संसारात त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. हे ते मुलाखतींतून सांगत आणि ते शंभर टक्के खरं होतं.

सिनेमा शुक्रवारी लागत होता. आणि नेमकं त्याच आठवड्यात चॅनलवाल्यांचा फोन आला. जुन्या मालिकेचा दुसरा भाग काढायचा होता. सून आता सासू झाली होती, तेव्हा सासरेबुवांना बढती होती, आजेसासरे. "वाक्य तेच ठेवू," चॅनलवाला आनंदानं म्हणाला, "फक्त तुम्ही आता आरामखुर्चीतून म्हणायचं." सोमवारपर्यंत काय ते कळवा, म्हणाला.

सासरेबुवांनी मनाशी ठरवून टाकलं. शुक्रवारी तीनच्या खेळाला लोकांत जाऊन बसायचं. एक थिएटरभर माणसं आपल्याला घाबरली, तर चॅनलला नकार आणि उरलेलं आयुष्य खलनायकी. नाही घाबरली, तर मुकाट्यानं आरामखुर्ची. इतकं साधं. एकसष्टाव्या वर्षी पुन्हा कोणी सुळे घेऊन दाराशी येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शुक्रवारी ते कानटोपी घालून, मफलर नाकापर्यंत गुंडाळून निघाले. बाहेर चांगलं कडक ऊन होतं, त्यामुळे जे त्यांच्याकडे बघणार नव्हते तेही वळून बघू लागले. बायको शेजारून चालत होती. तिला त्यांनी मुद्दाम आणलं होतं, नाही तर एकट्या माणसाचा संशय येतो.

थिएटर भरलेलं होतं. त्यांच्या डाव्या हाताला बायको बसली. उजव्या हाताला एक भरभक्कम काकू पॉपकॉर्नची बादली मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि जाहिराती चालू असतानाच त्यांनी निम्मी बादली खाली आणली होती. मागच्या रांगेत कॉलेजच्या दोन मुली होत्या. दिवे गेले तशी सासरेबुवांनी कानटोपी काढली आणि खुर्चीत सावरून बसले.

सिनेमाची गोष्ट साधी होती. एका दूरच्या गावात एक तरुण डॉक्टर बदलून येतो, सोबत त्याची नवी बायको. टेकडीवरच्या मोठ्या घरात एक वयस्क गृहस्थ राहतो, तोच व्हॅम्पायर. त्याच्या घरात कामाला एक म्हातारी बाई. बाकी गावकरी, एक कुत्रा आणि पुष्कळ धुकं.

पहिल्या पाच मिनिटांत लोकांनी डॉक्टरला नापास केलं. बायको म्हणते, खिडकीत कोणीतरी होतं. हा आरशात केस नीट करत म्हणतो, "तुला भास झाला असेल." बायको म्हणते, माझ्या मानेवर हे दोन ठिपके कसले? हा म्हणतो, "डास असेल." एवढ्यावर मागची एक मुलगी मोठ्यानं म्हणाली, "डॉक्टर आहेस की न्हावी रे?" आणि सगळं थिएटर हसलं.

"याला आधी उचला," दुसरी म्हणाली.

डॉक्टरच्या बायकोचंही फारसं कौतुक नव्हतं. ती दिसली खिडकी की उघडायची. काकू तिच्यावर जाम वैतागल्या. "अगं लाव ती! लाव म्हणते ना! डोक्यावर पडलीयेस का?" असं त्या पडद्याला दरडावत होत्या, आणि प्रत्येक खिडकीगणिक मूठभर पॉपकॉर्न तोंडात जात होते. कुत्रा भुंकायला लागला तेव्हा मात्र सगळे एकदम सावध झाले. "कुत्र्याला काही करू नका हं," असं पुढून कोणीतरी तंबी दिली. माणसांपैकी कोणाचंही काय वाटेल ते झालं तरी लोकांची तयारी होती.

आणि मग सासरेबुवा आले. धुक्यातून, काळा कोट घालून, हातात काठी, संथपणे. त्यांच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला. थिएटर गप्प झालं. सासरेबुवांनी श्वास रोखला.

"अय्या, सासरेबुवा!" मागची मुलगी किंचाळली.

आणि झालं. जणू आवडता पाहुणा घरी आला होता. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी शिट्टी मारली. "किती वाळलेत बाई," काकू हळहळल्या. पडद्यावर व्हॅम्पायर डॉक्टरच्या बायकोकडे रोखून बघत होता आणि थिएटरच्या दुसऱ्या टोकाकडून एक जाड आवाज आला, "आधी बस! पाणी पी!" त्यावर जो काही हशा उसळला, त्यात पुढची चार वाक्यं वाहून गेली. ती चार वाक्यं सासरेबुवांनी महिनाभर घोटली होती.

पुढे तर सगळं आणखी हाताबाहेर गेलं, आणि त्यात दोष कोणाचा, तर त्यांचाच. तळघरात व्हॅम्पायर डॉक्टरच्या बायकोला दगडी ओट्यावर आडवी करतो आणि तिच्या मानेत दात रुतवतो, असा मोठा थरारक प्रसंग होता. आता तो ओटा खराच दगडी होता, आणि ती पोरगी नवखी, दिवसभर उपाशी, धाडकन मागे पडायची. हिचं डोकं फुटेल, या काळजीनं सासरेबुवांनी दर वेळी आपला तळवा तिच्या डोक्याखाली धरला होता. कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी त्यांची समजूत होती. कॅमेऱ्याला व्यवस्थित दिसलं होतं.

"बघ, कसा हात धरला डोक्याखाली!" मागची मुलगी विरघळली. "आणि तो डॉक्टर? त्यानं उशी तरी दिली होती का तिला कधी?"

त्यात आणखी डोळ्यांत घातलेल्या लाल लेन्स. त्या सासरेबुवांना चावायच्या, डोळ्यांतून पाणी काढायच्या. पडद्यावर रक्तपिशाचाच्या गालावरून एक थेंब ओघळला.

"अगं, रडतोय तो," काकू म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःही रुमाल काढला. "एकटा पडलाय बिचारा. वय झालं की असंच होतं."

बिचारा! सासरेबुवा खुर्चीत इतके खाली घसरले की पुढच्या माणसाच्या टकलामागे पडदाच दिसेनासा झाला. थोड्या वेळानं टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणून त्यांनी मान वर करून पाहिलं, तर व्हॅम्पायरनं डॉक्टरला उचलून भिंतीवर आपटलं होतं आणि लोक "आणखी एक!" असं ओरडत होते. बायको पॉपकॉर्नचा एक दाणा हातात धरून शांतपणे बघत होती. तो तिला काकूंनी दिला होता.

मध्यंतरात सासरेबुवांनी पुन्हा टोपी चढवली आणि प्रसाधनगृहाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. रांगेत हाच विषय होता.

"व्हॅम्पायर माणूस चांगला आहे हो," पुढचा गृहस्थ म्हणाला. "त्याला कोणी समजूनच घेत नाही."

"माझं म्हणणं, त्याचं लग्न लावून द्यावं," त्याच्या पुढचा म्हणाला. "रक्तबिक्त सगळं थांबेल."

सासरेबुवा रांगेतून बाहेर पडले. तेवढ्यात दिग्दर्शिकेचा फोन आला. ती दुसऱ्या एका थिएटरात बसली होती.

"तिकडे काय म्हणतायत?" तिनं विचारलं.

"माझं लग्न लावून देतायत," सासरेबुवा म्हणाले.

ती खो खो हसली. "इकडे पण 'पाणी पी' चाललंय. पण थांबा तुम्ही, काठीचा सीन येऊ दे."

"त्यात काय आहे? ना रक्त, ना सुळे. त्यात मी नुसता बोलतो."

"बघाच तुम्ही," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

सासरेबुवांचा त्यावर काडीचा विश्वास बसला नाही. काठीचा सीन त्यांना आठवत होता तो वेगळ्याच कारणानं, त्या दिवशी त्यांची पुरती फजिती झाली होती म्हणून. व्हॅम्पायर पहाटे घरी परततो आणि कामवाल्या म्हातारीवर संतापतो, एवढाच तो प्रसंग. सासरेबुवा सकाळपासून ओरडत होते. मुठी आपटल्या, डोळे गरगरा फिरवले, सुळे दाखवले. दर वेळी दिग्दर्शिका मान हलवायची आणि लाइटवाले तोंड फिरवून हसायचे. शेवटी ती त्यांच्याजवळ येऊन म्हणाली होती, "काका, ओरडूच नका. काही करूच नका. घरी एखादी वस्तू जागेवर नसली की तुम्ही कसे बोलता? तसे बोला." तसे ते बोलले, आणि पहिल्या फटक्यात शॉट ओके झाला. म्हातारीचं काम करणारी नटी, चांगली मुरलेली बाई, नंतर हात चोळत उभी होती. "मला क्षणभर खरंच वाटलं, माझीच चूक झाली," म्हणाली. दिग्दर्शिकेनं विचारलं होतं, "कुठून आणलंत हे?" आणि सासरेबुवांनी सुळे डबीत ठेवत ऐटीत सांगितलं होतं, "अनुभव, पोरी, अनुभव."

ते जागेवर येऊन बसले. "मी काही सोमवारची वाट बघत नाही," ते बायकोला म्हणाले. "आज घरी गेलो की चॅनलवाल्याला कळवून टाकतो. आजेसासरे तर आजेसासरे."

"तुम्हाला योग्य वाटेल तसं करा," बायको म्हणाली.

"तुला काय वाटतं?"

"छान चाललाय सिनेमा."

घ्या! सासरेबुवांनी डोळे मिटून घेतले. दिवे गेले.

उत्तरार्धात डॉक्टरला अक्कल फुटली होती आणि तो गावकऱ्यांना घेऊन टेकडीकडे निघाला होता. लोक त्याच्यावर अजूनही तोंडसुख घेत होते. मग पडद्यावर पहाट झाली. व्हॅम्पायर घरी परतला. दाराशी म्हातारी बाई कंदील घेऊन उभी. आतापर्यंत तिच्याकडे कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं, ती आपली मागे मागे वावरायची, दारं लावायची, भांडी उचलायची.

व्हॅम्पायरनं कोट काढून तिच्या हातात दिला. मग त्याची नजर दाराच्या बाजूला गेली. त्याची दुसरी काठी, घरात वापरायची, रोज उजव्या कोपऱ्यात असायची. ती आज डाव्या कोपऱ्यात होती.

तो सावकाश गेला, काठी उचलली, उजव्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. ती सरळ उभी आहे ना, ते पाहिलं. बोटानं किंचित सरळ केली. मग पाठमोराच, अगदी हलक्या आवाजात, जवळजवळ मायेनं म्हणाला,

"काठी तिकडे कोणी ठेवली?"

मागच्या मुली काहीतरी बोलणार होत्या, त्या थांबल्या.

म्हातारीच्या हातातला कोट हलला. व्हॅम्पायर वळला. चेहऱ्यावर राग नव्हता. किंचित हसूच होतं.

"मी रागावलोय का?" तो म्हणाला. "मी फक्त विचारतोय."

काकूंचा पॉपकॉर्नचा हात बादलीत तसाच राहिला. कुठे खोकला नाही, खुर्चीची करकर नाही. पुढच्या टकलाच्या माणसानं मान खाली घातली होती. सासरेबुवा ताडकन सरळ झाले. हेच ते! हीच ती शांतता, जिच्यासाठी त्यांनी चाळीस वर्षं तोंडाला रंग फासला होता. एक थिएटरभर माणसं त्यांना घाबरली होती. हा क्षण कोणाला तरी दाखवावा, निदान हिला तरी, म्हणून ते डावीकडे वळले.

बायको पडद्याकडे बघत नव्हती. ती खाली, आपल्या मांडीकडे बघत होती. पाठ ताठ, पाय जुळवलेले. दोन्ही हातांनी तिनं मांडीवरची पर्स नीट सरळ केली, पट्टा दुमडून आत घातला. पडद्यावर म्हातारी अजून गप्पच होती. आणि अंधारात, ओठातल्या ओठात, भरभर, सासरेबुवांची बायको म्हणाली,

"मीच ठेवली. झाडताना. चुकून राहिली, आता नाही ठेवणार."

मग पडद्यावरची म्हातारी म्हणाली, "मीच ठेवली, मालक."

सासरेबुवा वळलेले होते तसेच राहिले. बायकोला आपण बोललो हे कळलंही नसावं. तिनं पर्सवरून एकदा हात फिरवला आणि पुन्हा वर बघू लागली.

पुढचा सिनेमा त्यांनी पाहिला तो कानांनीच. तेवढ्या एका मिनिटात लोक साफ उलटले होते. "आता याला सोडू नका," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात गंमत नव्हती. मागची मुलगी मैत्रिणीला हळूच सांगत होती, "आमच्या घरमालकाचा आवाज सेम असाच आहे." गावकरी दार फोडत होते, कुत्रा भुंकत होता, पण लोकांना आता गावकरीही नको होते आणि डॉक्टरही. सगळ्यांना ती म्हातारी हवी होती. आणि ती आली. व्हॅम्पायर झोपला होता त्या खोलीत ती शिरली, जाड पडदे एकेक करून बाजूला सारले, आणि ऊन भसाभस आत आलं. थिएटर उभं राहिलं. शिट्ट्या, टाळ्या, पाय आपटणं. "बरं झालं! मेला!" काकू ओरडल्या आणि उरलेले पॉपकॉर्न त्यांनी हवेत उधळले.

सासरेबुवांनी पुन्हा बायकोकडे पाहिलं. सगळे जळणाऱ्या व्हॅम्पायरकडे बघत होते. तिची नजर मात्र पडद्याच्या कडेला होती, जिथे ती म्हातारी आपलं गाठोडं घेऊन दाराबाहेर पडत होती. राख होत असलेल्या नवऱ्याकडे तिचं लक्षच नव्हतं.

दिवे लागले. टोपी घालायचं सासरेबुवांच्या ध्यानात राहिलं नाही. काकू निघता निघता वळल्या आणि त्यांनी त्यांना ओळखलं. एरवी अशा बायका पुढे येत. या दोन पावलं मागे सरल्या.

"तुम्ही होय! शेजारीच बसला होतात?" त्या म्हणाल्या. "बाई गं, काय भीती वाटली तुमची! ते रक्तबिक्त जाऊ दे, त्याचं काही नाही. पण ते काठीचं... नको बाई! आता तुम्हाला सासऱ्याच्या कामात कोण बघणार हो? मी तर चॅनल बदलीन."

"आभारी आहे," सासरेबुवा म्हणाले. दुसरं काय म्हणणार? गेल्या कित्येक वर्षांत इतकी मोठी दाद त्यांना कोणी दिली नव्हती.

बाहेरच्या पायऱ्यांवर आले तोवर फोन वाजला. दिग्दर्शिका अक्षरशः ओरडत होती. "काका, गार पडले लोक! ऐकलंत ना? तिकडेही तसंच झालं ना? आता पुढचा सिनेमा, त्याच्या पुढचा सिनेमा, सगळीकडे तुम्हीच. मी तुम्हाला कोणाचाही सासरा होऊ देत नाही. पण खरं सांगा, कुठून आणलंत ते?"

अनुभव, हा शब्द सासरेबुवांच्या जिभेवर आला होता. तो त्यांनी गिळला. "नंतर बोलतो," म्हणून त्यांनी फोन बंद केला.

पायऱ्यांवर ऊन होतं. लोक त्यांना बघून कोपरानं एकमेकांना ढोसत होते आणि अंतर राखून जात होते. बायको एका बाजूला, वाटेत येणार नाही अशी, उभी होती. त्यांचा मफलर तिनं खुर्चीवरून उचलून आणला होता आणि घडी घालून हातावर धरला होता.

"छान झालंय काम," ती म्हणाली.

सासरेबुवांना विचारायचं होतं. आत्ता, इथेच. प्रश्न काही अवघड नव्हता, चार शब्दांचा होता. त्यांनी तो मनातल्या मनात म्हणून पाहिला, जसं ते कुठलंही वाक्य म्हणून पाहत. मालिकेतल्या आवाजात तो खोटा वाटला. नाटकातल्या आवाजात हास्यास्पद. मग त्यांनी स्वतःच्या आवाजात म्हणून पाहिला, आणि तो आवाज नुकताच अख्ख्या थिएटरनं ऐकला होता. हलका, सावकाश, मायेचा. आयुष्यभर निरनिराळ्या माणसांचे आवाज काढले, आणि बायकोला काही विचारायचं म्हटलं तर त्यांच्यापाशी हा एकच होता. त्यांना रडू आलं. या वेळी डोळ्यांत लेन्स नव्हत्या.

तरी त्यांनी विचारलं. जमेल तितक्या हळू, जमेल तितक्या प्रेमानं.

"तुला माझी भीती वाटते?"

"छे हो!" ती चटकन म्हणाली. तिनं हातावरचा मफलर पाहिला, त्याची घडी उलगडून पुन्हा नीट घातली, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत विचारलं, "का? माझं काही चुकलं का?"